विटाळ नसलेलं घर

माझी बायको बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी बाजेवरून उठली, आणि ती माझ्या सांगण्यावरून उठली. एवढं एक वाक्य मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बोलायची वेळ दोन-तीनदा आली होती. प्रत्येक वेळी मी दुसरंच काहीतरी बोललो. बोलता येत नाही म्हणून नव्हे. बोलण्यावरच माझं पोट आहे. वीस-बावीस वर्षं सिल्वासाच्या सरकारी मराठी शाळेत शिकवतोय. पंधरा ऑगस्टला, शिक्षक दिनाला भाषण माझंच असतं, आणि अंधश्रद्धेवर बोलायचं असलं तर हमखास माझंच. त्यात एक वाक्य ठरलेलं असायचं: ‘आमच्या घरी विटाळ पाळत नाहीत.’ टाळ्या पडायच्या.

मी धुळ्याकडचा. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला नोकरीनिमित्त इथं आलो तेव्हा सिल्वासा म्हणजे एक चौक, सरकारी कचेऱ्या, दारूची दुकानं आणि भोवती झाडी. मग कारखाने येऊ लागले. मसाटला, राखोलीला पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या आणि आमच्याकडची पोरं वापीला उतरून टेंपोत कोंबून घेऊन येऊ लागली. माझा धाकटा भाऊ त्यांतलाच. मसाटला एका यार्नच्या फॅक्टरीत लागला, राहायला आमच्याकडे. आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं, पहिल्या मजल्यावर. नळ खाली, सगळ्या बिऱ्हाडांत मिळून एक.

लग्नाला दोन वर्षं झाली आणि बायकोला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण तिची आई ती शाळेत असतानाच गेलेली, आणि माहेरची भावजय स्वतःच अवघडलेली. म्हणून आमची आई आली. एका हातात डिंक, खारका, अळीव, शोपा बांधलेलं गाठोडं आणि दुसरा हात गुडघ्यावर. जिना चढताना दोनदा थांबली. वर येऊन पाणी प्यायच्या आधी तिनं आतली खोली पाहिली आणि म्हणाली, “हाई खोली बाळंतीननी. तुम्ही दोन्ही भाऊ बाहेर.”

मुलगी झाली. सरकारी दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी दोघींना घरी आणलं, आणि आईनं आमच्या घरात तिचं राज्य मांडलं. दारावर जुन्या लुगड्याचा पडदा. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. ओव्याची धुरी. बाळंतिणीचं ताट वेगळं, तांब्या वेगळा. सव्वा महिना तिनं चुलीजवळ जायचं नाही, पाण्याच्या भांड्याला हात लावायचा नाही, तिला कुणी शिवायचं नाही. आई तिचं सगळं करायची, मग आंघोळ करायची आणि ओल्या केसांनी स्वयंपाकाला लागायची. भाऊ पुतणीला बघायला पडद्याजवळ गेला की ओरडायची, “दूर ऱ्हाय! दूरतीन बी दिसस ती.”

“अगं आई, मी काका आहे तिचा.”

“काका व्हयना म्हनीसन काय विटाळ लागत नही का?”

भाऊ हसायचा आणि आंघोळ टाळायला लांबच उभा राहायचा. मी हसत नव्हतो.

बायको मात्र झोपत होती. तेल लावून, शेक घेऊन, भरपूर शोपा घातलेलं पाणी पिऊन ती भर दुपारी तोंड उघडं टाकून झोपायची. मी शाळेतून आलो की पडद्याच्या फटीतून दिसायची. लग्न झाल्यापासून मी तिला दिवसा झोपलेली पाहिलीच नव्हती. सासरी-माहेरी कुठंच तिला कुणी तसं झोपू दिलं नसावं. मला त्या झोपेचा राग यायचा. हे मी पहिल्यांदाच लिहितोय. राग यायचा, आणि त्या रागाला तेव्हा मी वेगळं नाव दिलं होतं.

खरं कारण इतकं क्षुल्लक आहे की लिहिताना हात आखडतो. आईचे गुडघे गेलेले. आंघोळ करून, सोवळ्यानं एकदाच सकाळी ती दोन्ही वेळचा स्वयंपाक उरकायची. रात्री आम्हाला सकाळच्या भाकरी. बायकोच्या हातची भाकरी तव्यावरून थेट ताटात यायची, पापुद्रा सुटलेली, वाफ निघणारी. ती मला हवी होती. अकरा दिवस मी गार भाकरी खाल्ली आणि बाराव्या दिवशी समाजसुधारणा केली.

वेगळं नाव द्यायला निमित्तही मिळालं, आणि ते निमित्त खोटं नव्हतं. बाळाला आणि बाळंतिणीला मालिश करायला किलवणीकडची एक वारली बाई यायची. चाळिशीची, काळीकुळकुळीत, हाताला विलक्षण गुण. आई तिला बायकोच्या अंगाला हात लावू द्यायची, कारण बाळंतीण आधीच विटाळात. पण चहा द्यायची तो एका कानतुटक्या कपात, आणि तो कप जिन्यातल्या कोनाड्यात ठेवलेला असायचा. बाई जिन्यात उकिडवी बसून चहा प्यायची, कप स्वतः विसळून परत कोनाड्यात ठेवायची. मी एकदा आईला म्हटलं, “हे बरोबर नाही.” आई म्हणाली, “तू शाळा शिकाड.” त्या कपाची मला खरोखर लाज वाटत होती. तेवढी एक गोष्ट मी माझ्या बाजूनं सांगू शकतो. पण तो कप आणि ती बाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला कळलं नाही. किंवा कळून घ्यायचं नव्हतं. एकाच झाडूनं मी दोन्ही बाहेर काढलं.

शाळेत माझी चेष्टा सुरू झाली होती. आमच्या स्टाफरूममध्ये मुंबईचे, कोकणातले लोक, जिभेला धार. गणिताचे एक सर होते रत्नागिरीकडचे. मी बाळाला घेतल्यावर दर वेळी आंघोळ करावी लागते, हे माझ्याच तोंडून निसटलं होतं. ते म्हणाले, “काय हो, वर्गात विज्ञान आणि घरात शिवाशिव? दोन्ही पिरियड तुम्हीच घेता?” सगळे हसले. मीही हसलो. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

बारशाला मी सगळ्या स्टाफला बोलावलं.

त्या संध्याकाळी बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरून दहा-बारा माणसं बसली होती. मुख्याध्यापक होते, दोघा-तिघांच्या बायका होत्या. आईनं पाळण्यापुरती बायकोला पाटावर बसवली, नाव ठेवून झालं आणि लगेच पडद्याआड पाठवली. मग आई एकटी लाडू-चिवड्याच्या बशा भरू लागली. गणिताचे सर पडद्याकडे बघून मोठ्यानं म्हणाले, “वहिनींच्या हातचा चहा काही आमच्या नशिबात नाही आज. अजून महिनाभर अस्पृश्य ना त्या?”

मी उठलो. पडदा बाजूला केला आणि म्हणालो, “बाहेर ये. चहा तू कर.”

ती बाळाला पाजायला घेत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. “आत्ता?” म्हणाली.

“हो, आत्ता. आमच्या घरी विटाळ पाळत नाहीत.”

ते वाक्य जन्माला आलं ते तिथं. मुख्याध्यापक म्हणाले, “वा! ह्याला म्हणतात शिक्षक.” कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. बायको बाळाला बाजेवर ठेवून उठली. उठताना तिनं बाजेची कड धरली होती. स्टोव्ह जमिनीवर होता. ती उकिडवी बसली, पंप मारला आणि तेरा माणसांचा चहा केला. बाळ आत रडत होतं. एका बाईंनी विचारलं, “अहो, घेऊ का मी तिला?” तर मी म्हटलं, “रडू द्या, फुप्फुसं मजबूत होतात.” यावरही लोक हसले. तिनं केलेला चहा मी एकेकाला नेऊन दिला, आणि नंतर मालिशवाल्या बाईला आत बोलावून पाहुण्यांच्याच कपांपैकी एकात चहा दिला. ती दाराजवळ उभी राहून, कप दोन्ही हातांत धरून, कुणाकडे न बघता प्याली. त्या दिवशी मी किती मोठा झालो होतो!

पाहुणे गेल्यावर आई भिंतीला टेकून बसली होती. भांडेल असं वाटलं होतं, मी उत्तरं तयार ठेवली होती. ती भांडली नाही. “तुना घरमा विटाळ नही ना आता?” तिनं विचारलं.

“नाही.”

“बरं. मंग हाऊ सव्वा महिना तिले कोन देई?”

मी म्हणालो, विश्रांती घ्यायला कोण नाही म्हणतंय? विश्रांती घ्यायला विटाळ कशाला हवा? माणसं समजूतदार असली की झालं.

आई म्हणाली, “बाईले फुकट कोन बसू देस? देवनं नाव सांगं तव्हयच बसू देतस.” बाईला कुणी फुकट बसू देत नाही, देवाचं नाव सांगितलं तरच बसू देतात. हे एवढं बोलून ती उठली आणि तिनं शेगडीतले निखारे विझवले. पुढचे दोन दिवस तिनं आमच्या घरचं अन्न घेतलं नाही. दूध-केळी खाऊन राहिली. तिसऱ्या दिवशी भाऊ तिला वापीला सुरतेच्या गाडीत बसवून आला. मी शाळेत होतो. निरोप द्यायला सुट्टी काढता आली असती.

आई गेली त्या दिवसापासून घर पूर्वीसारखं झालं. म्हणजे मला गरम भाकरी मिळू लागली.

सांगायला हवं ते इथून पुढचं आहे. भावाची पहिली पाळी असली की डबा पहाटे पाचला. त्यानं आमच्याकडची दोन माणसं आणली होती, ‘खोली मिळेपर्यंत’ म्हणून. खोली मिळायला दोन महिने लागले, कारण शोधायची घाई कुणालाच नव्हती. पाच मोठी माणसं, त्यातल्या तिघांच्या पाळ्या वेगवेगळ्या. भाकरी दिवसातून तीन वेळा. पाणी खालून. पहिले काही दिवस भाऊ हंडे आणून द्यायचा. मग पाळीवरून आला की झोपायचा. मी आणत नव्हतो. शिक्षकानं हंडा घेऊन जिना चढायचा, आणि खाली नळावर पालक उभे! ती आणायची. कडेवर हंडा, हातात बादली, वर आली की दाराच्या चौकटीला धरून क्षणभर उभी राहायची. बाळंतपणाला तीन आठवडे झाले नव्हते.

त्या दोघांना तर कौतुकच. एक जण म्हणायचा, “दादा, वहिनी म्हणजे वहिनी! आमच्याकडच्या बायका चाळीस दिवस नुसत्या लोळतात.”

दुसरा म्हणायचा, “दादांचे विचारच तसे आहेत ना.”

आणि भाऊ ताट पुढं करून, “वहिनी, अजून अर्धी. कडेची नको, मधली.”

“भाकरीला मध कुठं असतो हो?” ती म्हणायची. ती विनोदी होती तेव्हा.

एक दिवस ती मला म्हणाली, “अहो, खाली काहीतरी ओढल्यासारखं होतंय. बसले की जास्त.” मी वह्या तपासत होतो. लाल पेन हातात. मी म्हणालो, आणि हे शब्द मला जसेच्या तसे आठवतात, “इथल्या वारली बायका पाचव्या दिवशी भाताच्या शेतात उतरतात. त्यांना काय अंग नसतं?”

मालिशवाली बाई तेव्हा आत बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालत होती. ती अजून यायची. बाळापुरतीच, बायकोच्या मालिशला आता वेळ नव्हता. तिनं ऐकलं. बाळाला पुसून, गुंडाळून बायकोच्या हातात दिलं आणि जाताना दारात थांबली.

“मास्तर, आमची बाय पाचव्या दिशी जाते, ती का हौसंनं जाते? बसली त पोरं खातील काय?”

मी वहीतली एक चूक लाल पेनानं खुणावली.

“आन् मग किती जनींचं अंग भायेर येतं, ते कोन तुमाला सांगल?”

अंग बाहेर येणं म्हणजे गर्भाशय खाली उतरणं, हे मला ठाऊक होतं. आमच्या गावात एक चुलती होती, तिच्याबद्दल बायका दबक्या आवाजात तसं बोलायच्या. म्हणजे मला कळलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. अडाणी होतो, लहान होतो, काळच तसा होता, यातलं काहीही मला लागू नाही. एका बाईनं दारात उभं राहून मला स्पष्ट शब्दांत सांगितलं, आणि मी पुढची वही उघडली. त्या दिवशी मी दोन माणसांना दुसरीकडे सोय बघा म्हणून सांगू शकलो असतो. हंडा उचलू शकलो असतो. एक पत्र टाकून आईला परत बोलावू शकलो असतो. ती आली असती. ती रुसली होती माझ्यावर, सुनेवर नाही. पण आईला बोलावणं म्हणजे पडदा परत लावणं, आणि पडदा लावला की गणिताच्या सरांना काय सांगायचं?

बायकोनं तो विषय पुन्हा काढला नाही. मी काढला नाही. आमच्यात अशा पुष्कळ गोष्टी झाल्या मग, न काढलेल्या.

वर्षं गेली. ती मोठ्यानं हसायची बंद झाली. हसू आलं तर तोंडावर नाही, पोटाच्या खाली हात दाबून धरायची. शिंक आली की भिंत धरायची. लांबच्या प्रवासाला नको म्हणायची, लग्नाकार्यात पंगतीत खाली बसायची नाही, लोक म्हणायचे मास्तरीणबाईंना खुर्ची लागते. जुन्या सुती साड्या फाडून घड्या करून ती कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवायची. त्या कशासाठी, ते मी विचारलं नाही. रात्री ती मुलीच्या पलीकडे झोपायची. मुलगी सात-आठ वर्षांची झाली तरी मध्ये मुलगी होती.

दुसरं मूल झालं नाही, आणि होण्यासारखं आमच्यात काही उरलंच नव्हतं. आणि याचंही मी भाषण केलं. ‘एका मुलीवर थांबलेला माणूस’ म्हणून कुटुंब नियोजनाच्या कार्यक्रमात माझा सत्कार झाला. नारळ, शाल. बायको पहिल्या रांगेत, खुर्चीत बसली होती. मी म्हणालो, “मुलगा-मुलगी भेद आम्ही मानत नाही.” ती टाळी वाजवत नव्हती, पण बघत होती माझ्याकडे, टक लावून, जणू हा गृहस्थ कोण ते आठवत नाहीये.

आई तोवर गेली होती. ‘तुझं बरोबर होतं’ हे तिला सांगायचं राहिलं असं मी म्हणणार नाही. तिच्या शेवटच्या दुखण्यात मी पंधरा दिवस उशाशी होतो. सांगायला पंधरा दिवस होते.

नव्वदच्या दशकात भावाचं लग्न झालं. तो आता सुपरवायझर होता, किलवणी नाक्याजवळ भाड्याच्या खोलीत राहायचा. त्याची बायको बाळंत झाली तेव्हा माझ्या बायकोनं मला न विचारता तिला आमच्याकडे आणलं. मी शाळेतून आलो तर आतल्या खोलीच्या दाराला पडदा. बाजेखाली शेगडी. वेगळं ताट, वेगळा तांब्या. भाऊ चपला काढून आत निघाला तर ही दारात आडवी.

“शिवायचं नाही. तिला विटाळ आहे.”

भाऊ हसायला लागला. “वहिनी, काय चेष्टा करता! हे तर दादाचं घर. दादा, तुझं भाषण कुठं गेलं?”

“चाळीस दिवस ती चुलीजवळ जाणार नाही, पाण्याला हात लावणार नाही. तुमच्या मित्रांना सांगा, जेवायला येऊ नका. या घरात विटाळ आहे.”

“अहो पण मला डबा...”

“कँटीन आहे की फॅक्टरीत. मधली भाकरी द्या म्हणावं त्यांना.”

मालिशवाली बाई आता म्हातारी झाली होती. ती आली ती थेट आत गेली. चहा झाल्यावर माझी बायको तिच्या शेजारी बसून, एकाच जोडीतले दोन कप घेऊन प्याली. मला जे बाराव्या दिवशी वेगळं करता आलं नव्हतं ते तिनं असं सहज वेगळं केलं होतं. आणि ते बघूनही मी काय केलं? स्टाफरूममध्ये कळलं तर काय होईल याचा विचार केला. भाऊ गेल्यावर म्हणालो, “हे बरं दिसत नाही. विश्रांती हवी तर दे ना तिला, पण विटाळ वगैरे... माझं तत्त्व तुला माहीत आहे.”

ती पीठ मळत होती. हात थांबले नाहीत. “तुमच्या तत्त्वाला एकदा माझं अंग दिलं,” ती म्हणाली. “हिचं नाही देणार.”

बारा वर्षांत तिनं त्याबद्दल उच्चारलेलं ते एकच वाक्य. आवाज चढवून नाही, मीठ संपलंय म्हणावं तसं. मी बाहेरच्या खोलीत जाऊन पेपर उघडला.

आणि ते चाळीस दिवस तिनं एकटीनं काढायला घेतले. जावेचं, बाळाचं, शेगडी, धुणं, आणि पाणी अजूनही बरंचसं खालून. मी या वेळी हंडे आणले. सगळे नाही. एकविसाव्या की बाविसाव्या दिवशी ती जिन्यात मधेच बसली. उठेना. साडी भिजली होती, रक्त होतं. मी हात पुढं केला तर म्हणाली, “आधी शेगडी बघा. निखारे पडतील.”

वलसाडला एका बाई डॉक्टरांकडे नेलं. पुढं गर्भाशय काढलं, ती बरी झाली, आज चालते-फिरते. जावेचे उरलेले दिवस मालिशवालीनं आणि तिच्या सुनेनं आमच्या घरात राहून पुरे केले. हे सगळं नीट झालं. मला सांगायचं आहे ते तपासणीच्या दिवसाचं.

डॉक्टर गुजराती होत्या, आमच्याशी हिंदीत बोलत होत्या. तपासून झाल्यावर हात धुऊन टेबलाशी आल्या आणि बायकोला विचारलं, “बेन, कितने साल से है ये?”

“बारा.”

“बारा साल! और आप अब आ रही हो?” मग माझ्याकडे वळल्या. “आप टीचर हो ना?”

मी मान हलवली. त्यांनी कागद पुढं ओढला, पेन उघडलं. “पहली डिलिवरी के बाद आराम मिला था इनको? पूरे चालीस दिन? या जल्दी काम पे लगा दिया, पानी-वानी उठाना?”

प्रश्न बायकोला होता. ती उत्तर देऊ शकली असती. त्या आधीच्या प्रत्येक प्रश्नाला तिनंच उत्तर दिलं होतं, पाळी कधी, त्रास कसा, भूक कशी. या प्रश्नाला ती गप्प राहिली आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. वर्गात एखाद्या पोराला उत्तर येतंय हे आपल्याला माहीत असतं आणि आपण थांबतो, तशी ती थांबली होती. खोलीत पंखा होता, खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं. बारा वर्षांत तिनं माझ्यासाठी उघडलेलं ते एकमेव दार.

मी म्हणालो, “नहीं नहीं. मेरी माँ आयी थी ना गाँव से. सब ठीक से हुआ था.”

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं.

“हां,” ती म्हणाली. “सासूबाई थीं.” आणि पदर सारखा केला.

डॉक्टरांनी तसं लिहिलं. त्या कागदाची झेरॉक्स अजून कपाटातल्या फाइलमध्ये आहे, आणि बाळंतपणानंतरची विश्रांती पुरेशी होती असं त्यात इंग्रजीत नोंदलेलं आहे. आईचा पडदा अकरा दिवस होता. बाराव्या दिवशी मी बायकोला उठवलं. डॉक्टरांना सांगायचं होतं ते एवढंच.